लाल चिठ्ठीचे आठ लेझर

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल लिहा, पण आमच्या वाचकांना समजेल असं." मी हो म्हणून बसलो आणि मग लक्षात आलं की अडचण वाचकांची नाहीच. जे काम आयुष्यभर केलं ते मलाच अजून पुरतं समजलेलं नाही. त्यातल्या एका प्रकरणाने तर मला असं चक्रावून सोडलं की मी अजून त्यातून बाहेर आलेलो नाही. तेच सांगतो.

नोकरीची तीस वर्षं दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत गेली. तिथलं लिहायची परवानगी नाही, आणि खरं सांगायचं तर लिहिण्यासारखं फारसं नाहीही. बैठका फार झाल्या. निवृत्त होऊन देऊळगाव राजाला परत आलो. सकाळी फिरायला जायचं आणि दुपारी झोपायचं, एवढा साधा बेत होता. तेवढ्यात अविनाश आला. अविनाश म्हणजे माझ्या मामेभावाचा मुलगा. परदेशात लेझरच्या कंपनीत बरीच वर्षं काढून तो परतला होता आणि जालना रस्त्याला शेड घेऊन स्वतःचा कारखाना काढत होता. पुण्यात का नाही, असं जो तो विचारायचा. तो म्हणायचा, "पुण्यात माझी आई नाही." मला म्हणाला, "काका, तुम्ही नुसते येऊन बसा." मी बसलो तो सात वर्षं बसलो.

आता धंदा काय ते सांगतो. अर्धवाहकाचा एक तुकडा असतो, ज्वारीच्या दाण्याहून लहान. त्यात वीज सोडली की त्याच्या एका कडेतून उजेड बाहेर पडतो. हा उजेड लालच्याही पलीकडचा, इन्फ्रारेड. डोळ्यांना दिसत नाही. दिसत नाही म्हणून गरीब समजू नका. डोळ्यात गेला तर डोळा जातो, म्हणून आम्ही सगळे आत हिरवट चष्मे लावून वावरायचो. दवाखान्यात शस्त्रक्रियेला, कारखान्यात प्लास्टिक जोडायला हा उजेड लागतो. तुकडे आम्ही बनवत नव्हतो, ते बाहेरून यायचे. आमचं काम तो तुकडा तांब्याच्या ठोकळ्यावर सोल्डर करून बसवणं, त्याच्यासमोर केसाएवढी काचेची तार आणून उजेड तिच्यात घालणं, आणि शेवटी झाकण लावून डबी हवाबंद करणं. डबी काडेपेटीपेक्षा थोडी लहान.

आणि सगळ्यांना हवी असते ती ताकद. ज्या फटीतून उजेड निघतो ती केसापेक्षा कितीतरी बारीक. ताकद वाढवली की तेवढ्याच फटीतून जास्त उजेड काढायचा. मग कधीतरी ती कड जळते आणि तुकडा मरतो. आवाज नाही, धूर नाही. मीटरवरचा आकडा खाली येतो, एवढंच. आम्ही "गेला" म्हणायचो. म्हणून प्रत्येक नवा नमुना रॅकवर लावून आठवडेच्या आठवडे चालू ठेवायचा आणि कोण जातो ते बघत बसायचं. हे काम अतिशय कंटाळवाणं आहे आणि मला ते फार आवडायचं.

लेझर म्हटल्यावर माणसं काय काय मनात धरून यायची. एकदा पिंपळगाव राजाचे एक बागाईतदार गाडी करून आले.

"सर, रानडुकरांनी मका सपाट करून टाकला. तुमचं ते लेझर बांधावर लावून द्या ना."

मी समजावलं की आमचा उजेड दिसत नाही. त्यांनी थोडा विचार केला.

"मंग डुक्कर भेईन कशाले?"

"भिणार नाही."

"मंग असा उजेड तुमी काऊन बनवता?"

मी चहा सांगितला. चहा घेऊन ते गेले. जाताना गेटवरच्या माणसाला "सर चांगले हायत, पन धंदा काई समजला नाई" असं सांगून गेले, हे मला नंतर कळलं.

तुकडा ठोकळ्यावर बसवायचं काम सुनंदाबाईंचं. त्या जानेफळच्या, बौद्ध कुटुंबातल्या, वय चाळिशीच्या आसपास. आयटीआय केलेलं. नवरा लवकर गेला; देऊळगाव राजात खोली घेऊन एकट्या राहत. मायक्रोस्कोपखाली चिमट्याने तुकडा उचलायचा, श्वास रोखायचा आणि कड ठोकळ्याच्या काठाशी अगदी बरोबर आणून टेकवायची. पुढे गेली तर कड तुटते, मागे राहिली तर उजेड ठोकळ्यावर आपटतो. आम्ही इतरांना शिकवून पाहिलं, मी स्वतः करून पाहिलं. रोज एखादा तुकडा तुटायचाच. सुनंदाबाईंकडून महिन्यात एखादा. त्या तुकड्याशी बोलायच्या, "बस बापा, बस, हालू नको." प्रत्येक ट्रेबरोबर एक कार्ड फिरायचं. त्यावर काय काय केलं ते लिहायचं आणि सही करायची. मी इंग्रजीत लिहा म्हणून मागे लागलो होतो. त्या मराठीतच लिहीत राहिल्या आणि मी नाद सोडला.

पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला शस्त्रक्रियेच्या यंत्रासाठी दीडपट ताकदीचा लेझर हवा होता, त्याच डबीत. अविनाश हरखला. मी कामाला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी एकदम बदलल्या. तुकडा नवा, जास्त ताकदीचा. आणि डबी बंद करताना आत भरायचा नायट्रोजनही नवा, अतिशुद्ध, जालन्याहून सिलिंडर मागवून. आधी आम्ही साध्या दर्जाचा नायट्रोजन भरायचो, त्यात थोडीफार हवा असायची. मला ते खुपायचं. प्राणवायू म्हणजे गंज, प्राणवायू म्हणजे नाश, अशी माझी पक्की समजूत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी तीस वर्षं हाताखालच्या पोरांना ओरडून सांगत आलो होतो. पोरं ऐकायची. मी त्यांच्यात नव्हतो.

मार्चपासून नवे लेझर जायला लागले. पहिला आठवडा छान चालायचे, दुसऱ्यात आकडा थोडा खाली, तिसऱ्यात गेला. एक गेला, चार गेले, ट्रेच्या ट्रे गेले. डबी उघडून कड बघितली की उजेड निघायच्या जागी बरोबर एक काळा ठिपका. मी स्वच्छता वाढवली. दोन टोप्या, दोन हातमोजे, दाराशी चिकट पायपुसणं, आत जेवणाचा डबा न्यायचा नाही, अत्तर लावायचं नाही. नायट्रोजनच्या नळीलाही उरलासुरला प्राणवायू शोषणारी गाळणी बसवली. लेझर जातच राहिले. उलट माझ्या वहीप्रमाणे थोडे लवकर जायला लागले होते, पण ते मी योगायोगात टाकलं.

मे महिन्यात एक दिवस मी बुलढाण्याला गेलो होतो. त्या दिवशी जालन्याची सिलिंडरची गाडी आलीच नाही. सुनंदाबाईंकडे आठ डब्या उघड्या, नवेच तुकडे बसवून तयार, बाहेर धुळीची वावटळ उठलेली. नायट्रोजन भरून झाकणं लावायची आमची एक काचेची पेटी होती; तिच्यात आपली साधी हवा असतानाच त्यांनी झाकणं लावून टाकली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच येऊन सांगितलं.

"सर, सिलिंडर नाई आलं. तुमाले फोन लावला, लागला नाई. उघडं ठेवलं असतं तं धूळ बसली असती."

"म्हणून साध्या हवेत बंद केल्या?"

"हाव. कार्डावर लिवलं हाय तसं. लपवलं नाई."

मी चिडलो. एवढा शुद्ध नायट्रोजन आणायचा आणि इथे वावटळीची हवा आत कोंडायची! मी त्या ट्रेला टाकाऊ मालाची लाल चिठ्ठी लावली आणि कपाटात टाकला.

"दोन तरी लावून पाहा ना, सर," त्या म्हणाल्या.

"काय पाहायचं त्यात?" मी म्हणालो.

जूनमध्ये बाहेरच्या प्रयोगशाळेतून काळ्या ठिपक्याचा अहवाल आला. कार्बन. मला एकदम सगळं स्वच्छ दिसायला लागलं, आणि इतकं स्वच्छ दिसतं तेव्हा माणसाने सावध व्हायला हवं हे मला तेव्हा सुचलं नाही. कार्बन म्हणजे तेल, आणि तेल म्हणजे कुणाचा तरी हात. मी मेलेल्या सगळ्या डब्यांची कार्डं काढली. एकेका कार्डावर सुनंदाबाईंची सही. वर्षानुवर्षं चांगल्या चाललेल्या जुन्या डब्यांवरही त्यांचीच सही होती, कारण बसवणाऱ्या त्या एकट्याच. पण चालत्या डब्यांची कार्डं कोण काढून बघतो?

मी शेडमध्ये गेलो. सगळे कामावर होते, अविनाशही होता. मी सुनंदाबाईंना म्हणालो, "हातमोजे काढा. हात पुढे करा." त्यांनी केले. मी खाली वाकून त्यांच्या हातांचा वास घेतला.

खोबरेल तेलाचा वास येत होता. अर्थातच येत होता. त्या सकाळी केसांना तेल लावून आल्या होत्या, शेडमधले सगळेच लावून आले होते, माझं डोकंही तेलाने चपचपीत होतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हे बघा. इथे आहे आपला कार्बन." सुनंदाबाईंनी हात मागे घेतले आणि हातमोजे पुन्हा चढवले. सगळ्यांना सोडून त्यांच्याच हातांचा वास मी घेतला, मी कोण आणि त्या कोण, यातलं काहीएक माझ्या मनात आलं नाही. त्यांच्या मनात आल्याशिवाय राहिलं असेल का, हा विचार मला फार उशिरा सुचला. त्या दिवशी मी फक्त खूश होतो.

त्यांना पॅकिंगला बसवलं. महिनाभर त्यांनी खोकी चिकटवली. मग एक दिवस माझ्या टेबलावर त्यांचा हिरवट चष्मा आणून ठेवला.

"येते सर. पॅकिंगमधी नाई करमत मले."

मी "बरं" म्हणालो. एवढंच.

त्यांच्या जागी मीच बसलो. साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन, तेल बंद करून, श्वास रोखून. निम्मे तुकडे मोडले आणि उरले ते रॅकवर तिसऱ्याच आठवड्यात गेले, काळ्या ठिपक्यासकट. आता यातून शहाण्या माणसाने काय ओळखावं? मी असं ओळखलं की बाईंचं तेल बाकावर राहिलं असणार. तीन दिवस बाक घासला. अविनाश एकदा म्हणाला, "काका, हाताचा प्रश्न नसेल तर?" मी त्याला कार्बनचा अहवाल पुन्हा वाचून दाखवला.

पावसाळा संपला तसा गिऱ्हाइकाचा धीरही संपत आला आणि माझा तर केव्हाच संपला होता. मला आता रॅकचाच संशय यायला लागला. रॅकच जास्त वीज सोडून लेझर मारत असेल तर? ते तपासायला वाया गेले तरी चालतील असे लेझर हवे होते. कपाटात लाल चिठ्ठीचे आठ होतेच. ते लावले.

तीन आठवडे झाले. आकडा खाली येईना. आठही चालू. मी मीटर बदलला, आकडा तोच. मीटर बिघडलाय असं ठरवून जालन्याहून तिसरा आणवला. वीज मोजली, बरोबर होती. लेझर गार ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या उलटसुलट केल्या. मी त्या रॅकसमोर खुर्ची टाकून बसायला लागलो. रोज सकाळी आल्याबरोबर मनात एकच: आज तरी एखादा जावा. ज्याने आयुष्यभर लेझर जगावेत म्हणून धडपड केली तो आता एखादा मरावा म्हणून वाट पाहत होता, म्हणजे निदान काहीतरी समजलं असतं.

"काका, आठही चालू आहेत ना?" अविनाशने विचारलं.

"आहेत."

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलं आहे हे कळतंय रे. का आहे ते कळत नाही."

शेवटी मी त्या ट्रेचं कार्ड काढलं. त्यावर ठसठशीत अक्षरात होतं: 'सिलिंडर आले नाही. नायट्रोजन नाही. साध्या हवेत झाकण लावले. हवा कोरडी आहे.' शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. डबीत ओल जाऊ नये याची काळजी त्या माझ्याइतकीच घेत होत्या. मे महिन्यातली आपली हवा किती कोरडी असते ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते लिहूनही ठेवलं होतं. मी ते वाचायला पाच महिने लावले.

पुढचं थोडक्यात सांगतो. डबीत तेलकट वाफेचा अंश कुठून ना कुठून राहतोच. उजेड फार प्रखर झाला की त्या वाफेची काजळी बनून नेमकी कडेवर साचते. आत प्राणवायू असेल तर काजळी साचायच्या आधीच जळून जाते. नसेल तर साचत राहते. कंदिलाची वरची भोकं बुजली की काच काळी होते, तसंच काहीसं. म्हणजे मी जेवढा नायट्रोजन शुद्ध करत गेलो तेवढे लेझर मी स्वतःच मारत गेलो. या धंद्यातल्या मोठ्या लोकांना हे फार आधीपासून माहीत होतं असं नंतर कळलं. मला नव्हतं. आम्ही डबीत कोरडी हवा भरायला लागलो, लेझर जगले, गिऱ्हाईक टिकलं. ती तेलकट वाफ मुळात कशाची, काचेची तार चिकटवायच्या गोंदाची की आणखी कशाची, ते मी अजूनही छातीठोकपणे सांगू शकत नाही. हाताची नव्हती एवढं नक्की. हातमोजे न घालताच एक अख्खा ट्रे करून पाहिला. कोरड्या हवेत तोही चालला.

मग मी जानेफळला गेलो. सिंदखेड राजावरून मेहकर, तिथून दुसरी बस. सुनंदाबाई भावाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होत्या. समोर छोटा मायक्रोस्कोप, हातात सोल्डरची सळई. मला बघून उठल्या, स्टूल पुढे केलं, शेजारच्या हॉटेलातून चहा सांगितला. मी बोलायला लागलो. आठ डब्या, तीन मीटर, काजळी, प्राणवायू, कंदील, सगळं. कागद काढून चित्र काढून दाखवलं. तासभर तरी बोललो असेन. त्या मन लावून ऐकत होत्या, मध्ये मध्ये नेमके प्रश्न विचारत होत्या.

"म्हंजे माह्या आठ डब्या जगल्या?"

"आठही. अजून चालू आहेत."

त्या हसल्या. इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना शेडमध्ये कधी पाहिलं नव्हतं. मग सोल्डरची सळई स्टँडला लावली आणि विचारलं, "हे समद्यांसमोर सांगितलं का तुमी? तिथं, शेडमधी?"

"अहवालात लिहिलंय," मी म्हणालो.

"माहं नाव हाय त्याच्यात?"

अहवालात होतं, 'भरावयाचा वायू बदलल्याने दोष दूर झाला.' नाव कुणाचंच नव्हतं. अहवालात नाव घालायची पद्धत नसते, असं मी सांगितलं. त्या "हाव का," म्हणाल्या. मी विचारलं, परत याल का? अविनाशनेही निरोप दिलाय.

"नाई, सर. इथं बरं हाय. इथं कोनी माहे हात नाई हुंगत."

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत आणि बसपर्यंत सोडायला आल्या.

मेहकर येईपर्यंत मी समाधानात होतो. मनातल्या मनात सगळं संभाषण पुन्हा चालवून पाहत होतो, काही सांगायचं राहिलं का म्हणून. मेहकरच्या स्टँडवर उतरलो आणि पाय तिथेच थांबले. तासभर मी काजळीबद्दल बोललो होतो. ज्यासाठी गेलो होतो ते वाक्य मी बोललोच नव्हतो. जानेफळची बस समोर लागलेली होती. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो, आणि मग देऊळगाव राजाच्या बसमध्ये चढलो. का, ते मला आजही सांगता येत नाही. लाज वाटली म्हणावं तर तेव्हा ती लाज आहे हे कळलं नव्हतं. त्यानंतर फोन दोनदा लावला. दोन्ही वेळा लेझर कसे चाललेत तेच सांगून ठेवला.

मी त्यांचे हात हुंगले ते बारा माणसांसमोर. हा अंक त्याहून बऱ्याच जास्त घरांत जातो आणि जानेफळच्या वाचनालयातही जातो, हे मी संपादकांना विचारून घेतलं आहे. म्हणून इथेच लिहितो. सुनंदा वानखडे यांच्या हातांचा काही दोष नव्हता. दोष माझा होता, आणि तो शोधून काढला तोही त्यांच्याच हातच्या आठ डब्यांनी. सुनंदाबाई, माझं चुकलं. मला माफ करा.